अंशतः मान्य

पुस्तक येऊन पोचलं तेव्हा सरांचं बोट अजून बटणावरून उचललंही गेलं नव्हतं. एवढे समुद्र ओलांडून एक जाडजूड ग्रंथ घरात आला आणि खिडकीचा पडदासुद्धा हलला नाही. सरांनी उभा जन्म शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात घालवला होता. वेग, अंतर आणि काळ यांच्या बाबतीत त्यांना थक्क करील असं फारसं काही उरलेलं नव्हतं. तरीही ते खुर्चीत मागे टेकले आणि टॅबकडे नुसते बघत राहिले.

मग फोन थरथरला. बँकेचा मेसेज होता, आणि त्यातली रक्कम दुकानाच्या पानावर दिसलेल्या किमतीपेक्षा मोठी होती. थोडीथोडकी नाही, चांगली सातव्या हिश्श्याने. सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चष्म्याचा दोष नव्हता.

"आलं का?" आतून बाईंनी विचारलं.

"आलं."

"मग आवाज असा का?"

"फरक येतोय," सर म्हणाले.

बाई म्हणजे सरांची बायको. दोघं एकाच शाळेत होती, बाई जीवशास्त्र शिकवायच्या, आणि शाळेने लावलेली ही नावं निवृत्तीनंतर गल्लीने तशीच चालू ठेवली होती. पुस्तक बाईंसाठीच घेतलेलं होतं. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, नाक दिसायचं नाही. डॉक्टर स्पष्टच म्हणाले होते, कडेचं राहील, मधलं किती दिवस राहील ते मी सांगू शकत नाही. काही वाचायचं मनात असेल तर आत्ताच वाचून घ्या. कागदावरची अक्षरं बाईंच्या हातून केव्हाच सुटली होती. टॅबवर मात्र एकेक अक्षर अंगठ्याएवढं करता यायचं, आणि तसं केलं की त्यांना वाचता यायचं. काय वाचायचं यावर बाईंनी एक दिवस विचार केला आणि एकाच पुस्तकाचं नाव सांगितलं. शेवाळाच्या ओलाव्यात राहणाऱ्या जीवांवरचं ते पुस्तक त्यांनी विद्यार्थिनी असताना वाचनालयात बसून चाळलं होतं. घरी न्यायची परवानगी नव्हती. आता ते परदेशातल्या एकाच दुकानात मिळत होतं, आणि तेही फक्त ई-बुकाच्या रूपात.

तर काम एवढंच होतं. पुस्तक मागवायचं, बाईंच्या हातात द्यायचं, आणि आपण पेपर वाचत बसायचं. पण फरक आला, आणि फरक आल्यावर पेपर वाचत बसणं सरांच्या रक्तात नव्हतं.

त्यांनी फोनवर दुकानाचं पान उघडलं आणि वरपासून खालपर्यंत तपासलं. अगदी तळाशी, जिथे सहसा कुणाची नजर जात नाही तिथे, राखाडी रंगात एक ओळ सापडली. ती वाचायला सरांना कपाटातलं भिंग आणावं लागलं. आंतरराष्ट्रीय ग्राहकांना अतिरिक्त आकार लागू शकतात, असं तिथे लिहिलं होतं.

आंतरराष्ट्रीय ग्राहक कोण, हे कळायला सरांना क्षणभर लागलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सरांनी देशाची सीमा कधी लांबूनही पाहिलेली नव्हती. एकदा हौसेने पासपोर्ट काढला होता, तो एकही शिक्का न लागता मुदत संपून गेला. आणि आज गंजीफ्रॉकवर, वेताच्या खुर्चीत, एक पाय दुमडून बसल्या बसल्या ते आंतरराष्ट्रीय झाले होते.

"अगं, मी आंतरराष्ट्रीय आहे," ते आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाले.

"बरं," बाई टॅब हातात घेत म्हणाल्या. "मग तेवढा चहा ठेवा."

वरच्या मजल्यावरचे ऑडिटर वाचून झालेला पेपर परत करायला रोज याच वेळी यायचे. पेपर सरांचा असायचा, वाचायचे आधी ऑडिटर. त्यांनी बँकेचा मेसेज पाहिला, दुकानाचं पान पाहिलं, भिंगातून ती राखाडी ओळ पाहिली आणि समाधानाने मान हलवली. दुसऱ्याच्या व्यवहारात खोट सापडली की त्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं.

"सर, इथे पाणी मुरतंय."

"ते दिसतंच आहे. किती आणि कुठे, ते सांगा."

"सांगत बसायचंच कशाला? माझा मेहुणा आहे तिकडे. त्याचा पत्ता टाका. संगणकाला वाटेल तुम्ही तिकडेच राहता."

"पण मी इथे राहतो."

"ते संगणकाला कुठे दिसतंय?"

"मला दिसतंय," सर म्हणाले. "आणि प्रयोगाची परिस्थितीच बदलली तर ते रीडिंग कसलं?"

ऑडिटरांनी हात टेकले. पण जाता जाता ते एक वाक्य बोलून गेले, आणि पुढचं सगळं त्या वाक्याने घडवलं. "तक्रार करणार असाल तर एका व्यवहारावर तुम्हाला कुणी उभं करणार नाही. नमुने लागतात. निदान तीन तरी."

ऑडिटरांच्या मनात असं होतं की सरांनी आणखी दोघा ग्राहकांना गाठून चौकशी करावी. सरांना ते वेगळं ऐकू आलं असं नाही. त्यांना ते स्वतःचंच बोलणं वाटलं. एक रीडिंग म्हणजे अफवा, हे त्यांनी मुलांच्या किती पिढ्यांना सुनावलं होतं. लंबक असो, भिंग असो, तीन रीडिंग घ्यायची आणि सरासरी काढायची. घरातही तेच. शिंप्याने कमरेचं माप एकदा घेतलं की सर आणखी दोनदा घ्यायला लावायचे, आणि तिसऱ्या वेळी शिंपी जरा जास्तच आवळायचा. लेखापरीक्षण आणि पदार्थविज्ञान ही दोन शास्त्रं स्वतंत्रपणे एकाच आकड्याशी येऊन पोचावीत, याने सर भारावून गेले.

त्यांनी तेच पुस्तक पुन्हा विकत घेतलं.

दुकानाने विचारलं, हे पुस्तक तुमच्याकडे आहे, तरी घ्यायचं का? सरांनी होय म्हटलं. जेवण झाल्यावर त्यांनी ते तिसऱ्यांदा घेतलं. या वेळी दुकानाने तोच प्रश्न जरा मोठ्या अक्षरांत विचारला.

तीन रीडिंग आली आणि तिन्ही वेगळी आली. तफावत अगदी बारीक होती, पण होती. सर खूश झाले. नुसती लबाडी असती तर आकडा तिन्ही वेळा तोच आला असता. गोंधळ असता तर कसाही उड्या मारत सुटला असता. हा आकडा शिस्तीत हलत होता, एखाद्या चांगल्या तापमापकासारखा. याच्यामागे काहीतरी नियम होता.

दुकानाच्या पानावर मदतनिसाशी बोलायची सोय होती. पलीकडे माणूस आहे की यंत्र, ते कळत नव्हतं, पण अदब फार होती. मदतनिसाने सांगितलं की किंमत आमच्या चलनात असते, ती तुमच्या चलनात त्या क्षणाच्या दराने बदलते. बदलण्याचं शुल्क पडतं. तुमची बँक परदेशी व्यवहाराचं शुल्क घेते. त्या शुल्कावर कर असतो. शिवाय देशाबाहेर पोचवण्याचा आकार आहे.

पोचवता काय, असं सरांनी लिहून विचारलं.

फाइल, असं उत्तर आलं.

तिचं वजन किती?

ती माहिती आमच्याकडे उपलब्ध नाही, मदतनीस म्हणाला, आणखी काही मदत करू शकतो का?

सरांनी फोन खाली ठेवला. आयुष्यभर त्यांनी फळ्यावर गणितं घातली होती आणि प्रत्येक गणिताच्या शेवटी लिहिलं होतं, घर्षण नगण्य मानावे. मानावे, म्हणजे ते असतंच, आपण आपल्या सोयीसाठी दुर्लक्ष करतो. पण इथे वस्तूला वजन नव्हतं, ती कशालाही घासत नव्हती, आली तेव्हा पडदा हलला नव्हता. अन् तरी वाटेत कुणीतरी घर्षण शोधून काढलं होतं. नुसतं शोधलं नव्हतं, त्याला ठिकठिकाणी बांध घालून ते वापरात आणलं होतं. धरणाच्या भिंतीखाली उभं राहून वर पाहिलं की माणूस जसा आपोआप हळू बोलायला लागतो, तसं सरांचं झालं.

"अगं, ऐकतेस का," ते हलक्या आवाजात म्हणाले, "यात निदान चार थर आहेत."

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. टॅबवर एका वेळी तीन-चार शब्द मावत होते. त्या बोटाने पान सरकवत होत्या, पुन्हा सरकवत होत्या, आणि मधूनच स्वतःशी हसत होत्या.

"मी वाचतेय," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी बँकेने सरांचं कार्ड बंद केलं. संशयास्पद व्यवहार, असं कारण दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सरांचा संशय घेतला होता. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून शाखेत गेले. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिच्या डाव्या हाताला रबरी शिक्के आणि उजव्या हाताला गार झालेला चहा होता.

"काका, एकाच दिवशी एकच पुस्तक तीनदा?" तिने पडद्याकडे बघत विचारलं. "असं एक तर चोर करतो, नाहीतर ज्याचं बोट बटणाला चिकटलंय तो."

इथे ते सर नव्हते, काका होते. सरांनी तो घाव सोसला. "मी रीडिंग घेत होतो."

"कसलं?"

सरांनी समजावून सांगितलं. मागची रांग ऐकत होती. मुलीने मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "बरं. माझ्या पडद्यावर एकच प्रश्न आहे. हे व्यवहार तुम्हाला मान्य आहेत का?"

"अंशतः," सर म्हणाले.

"अंशतः नाहीये इथे."

"पण उत्तर तेच आहे. पुस्तकाची किंमत मान्य आहे. वरची रक्कम मला आधी दाखवलीच नव्हती, ती मान्य नाही."

"काका, हो किंवा नाही. दोनच बटणं आहेत."

सरांनी विचार केला. हो म्हणावं तर ते असत्य ठरत होतं. नाही म्हणावं तर तेही पूर्ण सत्य नव्हतं. पण ज्या विधानाचा एक भाग चुकीचा, ते विधान चुकीचं, असं तर्कशास्त्र सांगतं. मागे कुणीतरी खाकरलं.

"नाही," सर म्हणाले.

मुलीने बटण दाबलं. सर ताठ मानेने घरी आले. वाटेत फोन तीनदा थरथरला. तिन्ही रकमा परत आल्या होत्या. वरच्या आकारासकट. एका खऱ्या शब्दाने एवढी यंत्रणा मागे हटते, हे पाहून त्यांचा ऊर भरून आला.

बाई खिडकीपाशीच होत्या. टॅब मांडीवर होता आणि त्या बाहेर बघत होत्या.

"काय झालं?"

"पान पांढरं झालं."

"चार्जिंग संपलं असेल."

"चार्जिंग आहे. पुस्तक गेलं." त्या सरांकडे वळल्या, म्हणजे त्यांच्या कानाच्या जरा बाजूला बघू लागल्या, तसं केलं की त्यांना सरांचा चेहरा दिसायचा. "मी वाक्याच्या मधे होते."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुकानाचा निरोप आला होता. आपण पैसे नाकारल्यामुळे तिन्ही प्रती काढून घेतल्या आहेत, खातं तपासणीखाली ठेवलं आहे. पुस्तक आलं होतं तसंच गेलं होतं, पडदा न हलवता. सरांनी निरोप दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायचं धैर्य झालं नाही.

"किती जात होते जास्तीचे?" बाईंनी विचारलं.

सरांनी सांगितलं.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे टॅक्सीने जाऊन येतो, तेवढे?"

"साधारण."

बाईंनी टॅब बाजूला ठेवला. त्या उठल्या, भिंतीला हात लावत आत गेल्या, आणि सरांना पहिल्यांदाच कळलं की त्या हल्ली भिंतीला हात लावून चालतात.

ऑडिटरांना बोलावणं गेलं. ते आपलं कार्ड घेऊनच खाली आले. "त्यात काय, नवं खातं उघडू, माझ्या कार्डावर घेऊ," म्हणाले. नवं खातं उघडलं. पण टॅब तोच, घर तेच, पुस्तक तेच. दुकानाने नवं खातंही तपासणीखाली ठेवलं, आणि बँकेने ऑडिटरांचं कार्ड बंद केलं.

"माझं कार्ड?" ऑडिटर खुर्चीत बसले. "अहो, मी जन्मभर दुसऱ्यांचे व्यवहार अडवत आलो." त्यांच्या आवाजात वेदना होती, पण आदरही होता.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून शाखेत गेले. मुलीने आधी सरांकडे पाहिलं, मग ऑडिटरांकडे.

"यांचंही अंशतः का?"

"नाही," सर म्हणाले. "माझं सगळं मान्य आहे. किंमत, वरचा आकार, आकारावरचा कर. पूर्णतः."

"काल नाही म्हणालात."

"काल मी शहाणा होतो."

मुलीला हसू आलं, पण काम सोपं नव्हतं. नाकारलेलं पुन्हा मान्य करायचं तर पडदा आणखी माहिती मागत होता. तिने तो वाचून दाखवला. "खरेदी केलेल्या वस्तूचं वर्णन करा. पुस्तक कशाबद्दल आहे, काका?"

"शेवाळातले जीव."

"कोणते?"

सर थांबले. पुस्तकाची किंमत त्यांना ठाऊक होती, त्यावरचे चार थर ठाऊक होते, तिन्ही रीडिंगमधली तफावत ठाऊक होती. आत काय लिहिलंय, ते ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं.

"तीन प्रती घेतल्यात ना?" मुलगी म्हणाली. हे तिने सहज विचारलं होतं, म्हणून जास्त लागलं.

सरांनी घरी फोन लावला आणि तिच्या सांगण्यावरून तो स्पीकरवर ठेवला. "अगं, बँकेत विचारतायत, त्या पुस्तकात कोणते जीव आहेत."

पलीकडून बाईंचा आवाज आला. "बँकेत?"

"हो काकू," मुलगी म्हणाली. "सांगा तुम्ही, मी टाइप करते."

बाईंनी सांगायला सुरुवात केली, वर्गात सांगायच्या तशी, सावकाश. भिंतीवर शेवाळाचा एक पुंजका असतो ना, नखाएवढा, त्याच्या पानांवर पाण्याचा पातळ थर असतो. तो थर म्हणजे त्यांचा समुद्र. त्यात एक जीव असतो, आठ पायांचा, ठेंगणा, प्रत्येक पायाला नखं. अस्वलासारखा डुलत चालतो. डोळ्यांना दिसत नाही, पण आपण भिंतीला टेकून उभे राहतो तेव्हा पाठीमागे अशी शेकडो अस्वलं चालत असतात.

मुलगी टाइप करायची थांबली होती. शेजारच्या काउंटरवर शिक्का वर उचललेला हात तसाच राहिला होता. रांगेतल्या एका गृहस्थांनी भिंतीला टेकवलेली पाठ हळूच काढून घेतली.

"पण काकू, ऊन पडलं की तो थर सुकत असेल," मुलगी म्हणाली.

"सुकतो."

"मग समुद्रच गेला की. मग ते काय करतात?"

"तेच वाचत होते," बाई म्हणाल्या. "तेवढ्यात पुस्तक गेलं."

मुलीने सरांकडे पाहिलं. ऑडिटरांनी सरांकडे पाहिलं. रांगेने पाहिलं. सर टाय न लावल्याबद्दल पहिल्यांदाच हळहळले. हाताने सारखं करायला काहीतरी हवं होतं.

"थांबा," मुलगी म्हणाली आणि आतल्या केबिनमध्ये गेली. काचेतून ती हात हलवून मॅनेजरांना काहीतरी सांगताना दिसत होती. तिने आठ बोटं दाखवली. मॅनेजरांनी चष्मा काढला, भिंतीकडे पाहिलं आणि मान डोलावली.

पैसे पुन्हा पोचले तशा दुकानाने तिन्ही प्रती परत दिल्या. आंतरराष्ट्रीय ग्राहकाला पुन्हा पोचवण्याचा वेगळा आकार होता, आणि तो तिन्हींवर स्वतंत्र लागला. सरांनी तो पाहिला. कुणीतरी बसून या परिस्थितीचाही विचार करून ठेवला होता. सरांनी मनातल्या मनात टोपी काढली आणि होय दाबलं.

पुस्तक आलं, पण ते बाईंना विसरून आलं. आधी त्या कुठपर्यंत वाचत गेल्या होत्या याची त्याला गंधवार्ता नव्हती. ते पहिल्या पानावर उघडलं.

"मला ती जागा शोधून द्या," बाई म्हणाल्या. "मोठ्या अक्षरांत शोधायला मला फार वेळ लागेल."

सरांनी अक्षरं लहान केली आणि पानं चाळायला लागले. शेवाळ, पुंजका, पाण्याचा थर. आठ पाय. सरांचं बोट मंदावलं. मग नुसतं डोळ्यांनी चालू राहिलं. बाई समोर हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसल्या होत्या. बराच वेळ गेला.

"सापडली का?"

"हो," सर म्हणाले. "म्हणजे, मघाशीच." ते त्या जागेच्या बरेच पुढे गेले होते. त्यांचा चेहरा तापल्यासारखा झाला होता. "अगं, ते काय करतात माहितीये का—"

"खबरदार."

सरांनी तोंड मिटलं. पानं मागे नेली, ते वाक्य शोधलं, अक्षरं अंगठ्याएवढी केली आणि टॅब बाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो जरा तिरका धरला. एक शब्द. बोट सरकलं. दोन शब्द. सर समोर खुर्चीच्या कडेवर बसले होते. वाक्यात पुढे काय आहे ते त्यांना माहीत होतं, आणि ते त्यांच्या बायकोच्या चेहऱ्यावर येताना बघायचं होतं. बोट सरकत होतं. ओठ किंचित हलत होते. एका ठिकाणी त्या थांबल्या, मागे गेल्या, तोच शब्द पुन्हा वाचला. सरांनी श्वास धरून ठेवला होता. उत्तर येणार हे ठाऊक असताना एवढी वाट त्यांनी कुठल्याच प्रयोगात पाहिलेली नव्हती.

मग बाईंनी मान वर केली.

"मरत नाहीत," त्या म्हणाल्या. "पाय पोटात घेतात, सगळं पाणी सोडून देतात आणि धुळीच्या कणाएवढे होऊन पडून राहतात. वर्षानुवर्षं. पाणी आलं की पाय बाहेर काढतात आणि चालायला लागतात."

"हो," सर म्हणाले.

बाईंनी पुढचं पान सरकवलं, पण वाचलं नाही. त्या क्षणभर सरांच्या कानाच्या बाजूला बघत राहिल्या.

"आधी बँकेतल्या त्या मुलीला फोन लावा," त्या म्हणाल्या. "ती बिचारी अजून सुकलेल्या शेवाळावर अडकली असेल."